रत्नपारख घरबसल्या शिकता येईल का?

बारावीचा निकाल लागला की सराफीच्या आणि जवाहिराच्या पेढ्या असलेल्या घरांत दरवर्षी तीच चर्चा सुरू होते. मुलगा किंवा मुलगी वाणिज्य शाखेच्या पदवीला प्रवेश घेणारच असते. प्रश्न असतो तो त्यासोबत धंद्याचे काय शिकवायचे, याचा. पूर्वी या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागत नसे. मुलगा गादीवर बसे आणि पुढचे सारे गादीच शिकवी. आता मात्र मोबाइलवर जाहिरात येते : हिऱ्याची पारख शिका, काही आठवड्यांत, घरबसल्या, प्रमाणपत्रासह. शुल्क परवडण्याजोगे, वेळ आपल्या सोयीची, मुंबईत राहण्याचा खर्च नाही. घरातील आजोबा चष्म्याआडून ती जाहिरात वाचतात आणि एवढेच विचारतात, "पण माल कोण दाखवणार?"

जुन्या पिढीचा हट्ट म्हणून हा प्रश्न बाजूला सारणे सोपे आहे. परंतु व्यवसायशिक्षण संपूर्णपणे ऑनलाइन देता येईल का, या वादाचे मर्म नेमके याच प्रश्नात दडलेले आहे.

धंद्याचे शिक्षण दुरून देण्याचा प्रयत्न इंटरनेटमुळे सुरू झालेला नाही. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र पाठवण्याची सोय झाली आणि आयझॅक पिटमन यांनी लघुलेखनाचे धडे टपालाने देण्यास प्रारंभ केला. विद्यार्थी मजकूर लघुलिपीत उतरवून पाठवी आणि पिटमन तो तपासून परत धाडीत. हा उपक्रम यशस्वी झाला, आणि त्याचे कारण साधे होते. लघुलेखकाचे कामच कागदावर उमटते, आणि तो कागद टपालाने जाऊ शकतो. शिकणाऱ्याच्या हातून घडलेली वस्तू जशीच्या तशी शिक्षकाच्या डोळ्यांसमोर येत होती. दूरशिक्षणाच्या यशापयशाचे बरेचसे रहस्य एवढ्यातच आहे. विद्यार्थ्याचे काम शिक्षकापर्यंत पोहोचते काय, की पोहोचते ते फक्त त्या कामाविषयीचे त्याचे बोलणे?

रत्नपारखीच्या शिक्षणाचा इतिहास या दृष्टीने विलक्षण बोलका आहे. आज हिऱ्याच्या बाजारात ज्या संस्थेच्या दाखल्याशिवाय पान हलत नाही, ती जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, म्हणजेच जीआयए, जन्माला आली तीच मुळी टपालद्वारे चालणारी शाळा म्हणून. रॉबर्ट शिप्ले हे अमेरिकेतील एक जवाहिरे. आपल्याच धंद्यातील लोकांना मालाची शास्त्रशुद्ध ओळख नाही, ही गोष्ट त्यांना डाचत होती. १९३१ मध्ये लॉस एंजेलिस येथे त्यांनी ही संस्था स्थापन केली. गावोगावचे सराफ दुकान सांभाळून रात्री धडे वाचीत आणि उत्तरे टपालाने पाठवीत. कट, कलर, क्लॅरिटी आणि कॅरट हे 'चार सी' शिप्ले यांनीच प्रचारात आणले, आणि रंगाची डी ते झेड ही श्रेणी त्यांचे उत्तराधिकारी रिचर्ड लिडिकोट यांच्या काळात, १९५० च्या दशकात रुजली. म्हणजे ज्या भाषेत आज मुंबईच्या भारत डायमंड बोर्समध्ये आणि सुरतेच्या बाजारात सौदे होतात, ती भाषा दूरशिक्षण देणाऱ्या संस्थेतून आलेली आहे. रत्नशास्त्र दुरून शिकवताच येत नाही, असे ठामपणे म्हणणाऱ्याने एवढे तरी ध्यानी घ्यावे.

मात्र याच संस्थेने पुढे काय केले तेही पाहावे लागते. दूरस्थ विद्यार्थ्यांना ओळखण्यासाठी खरे खडे पेट्यांतून टपालाने पाठवण्याची पद्धत तिने चालवली. ई-लर्निंग आल्यावर पुस्तकी धडे पडद्यावर गेले. तरीही 'ग्रॅज्युएट जेमॉलॉजिस्ट' ही पदविका दूरस्थ पद्धतीने मिळवू पाहणाऱ्याला प्रत्यक्ष प्रयोगवर्गांना हजर राहणे चुकले नाही. रत्न ओळखण्याची अंतिम परीक्षा तर प्रसिद्धच आहे. समोर वीस खडे ठेवले जातात आणि वीसच्या वीस अचूक ओळखावे लागतात. एकोणीस बरोबर आले तरी विद्यार्थी अनुत्तीर्ण. महाविद्यालयात पस्तीस गुणांना उत्तीर्ण होण्याची सवय असलेल्यांना हे क्रूर वाटेल, पण पेढीवर बसलेल्या कोणालाही त्यात नवल वाटणार नाही. विसावा खडा चुकला तर ग्राहक एकोणीस खड्यांचे कौतुक करीत नाही.

असे काय आहे, जे पडदा देऊ शकत नाही? माणिक आणि लाल स्पिनेल यांचेच उदाहरण घ्यावे. ब्रिटनच्या राजमुकुटात दर्शनी भागी मिरवणारा 'ब्लॅक प्रिन्सेस रुबी' प्रत्यक्षात माणिक नसून स्पिनेल आहे. राजघराण्यांनाही या जोडीने चकविले. माणिकाचा वक्रीभवनांक सुमारे १.७६ ते १.७७, स्पिनेलचा सुमारे १.७२, माणिकाची सापेक्ष घनता ४ च्या आसपास, स्पिनेलची ३.६० च्या. माणकातून प्रकाशकिरण दुभंगून जातो, स्पिनेलमधून तो एकसंध जातो. एवढे ज्ञान पडद्यावरून पाच मिनिटांत मिळते आणि ते खरे ज्ञानच आहे. परंतु रिफ्रॅक्टोमीटरवर खडा ठेवताना काचेवर सोडायचा द्रवाचा थेंब जरा मोठा झाला की लहान खडा त्यावर तरंगू लागतो आणि आकडा वाचता येत नाही. घुमटाकार, पैलू न पाडलेला खडा असेल तर डोळा यंत्रापासून फूटभर मागे न्यावा लागतो आणि एक चिमुकला ठिपका अर्धा काळा, अर्धा उजळ होण्याची वाट पाहावी लागते. हे ऐकून कळते. येते मात्र पन्नास वेळा चुकल्यावर, आणि तेही चूक होत असताना कोणी शेजारी उभे राहून "थेंब पूस, पुन्हा लाव" असे सांगणारे असेल तर.

हिऱ्याच्या शुद्धतेचे तर आणखी वेगळे आहे. दहापट मोठे दाखवणाऱ्या आय ग्लासमधून हिरा पाहताना नवख्याला आत काहीच दिसत नाही, किंवा सगळेच दोष दिसतात. पृष्ठभागावरचा धुळीचा कण आणि पोटातला डाग यांतील फरक हिरा फिरवून, पुसून, कोन बदलून शोधावा लागतो. त्याआधी चिमटा धरायला शिकावे लागते. पहिल्या दिवशी हिरा चिमट्यातून उडतो आणि सारा वर्ग गुडघ्यांवर बसून फरशी शोधतो. पडद्यावर हाच हिरा सुंदर, मोठा, स्थिर दिसतो. पण त्या चित्रफितीत एक गोष्ट आधीच घडून गेलेली असते. ज्याने चित्रीकरण केले त्याने दोष शोधलेला असतो, त्याच्यावर प्रकाश टाकलेला असतो, कॅमेरा त्याच्यावर रोखलेला असतो. पाहणारा दोष 'ओळखायला' शिकतो, 'शोधायला' नाही. बाजारात मात्र पुडीतल्या हिऱ्यावर कोणी बाण काढून ठेवलेला नसतो.

रंगाची गोष्टही तशीच. हिऱ्याचा रंग ठरवताना तो पालथा ठेवून, ठरावीक पांढऱ्या प्रकाशात, नमुन्याच्या हिऱ्यांशेजारी ठेवून पाहतात. लगतच्या दोन श्रेण्यांतील फरक इतका सूक्ष्म असतो की खोलीच्या भिंतीचा रंगही निर्णय बिघडवू शकतो. दोन मोबाइल फोनांवर एकच पांढरा कागद दोन रंगांचा दिसतो, हे कोणीही घरी करून पाहावे. मग त्या पडद्यावरून जी आणि एच यांतला भेद शिकवण्याचे आश्वासन किती वजनाचे आहे ते कळेल. आणि या दोन अक्षरांमधल्या अंतराचे रुपये किती होतात, ते या घरांना सांगायला नको.

ही जाणीव आजची नाही. चौदाव्या शतकाच्या प्रारंभी दिल्लीत अल्लाउद्दीन खिलजीच्या कोषागाराशी संबंधित असलेले जैन अधिकारी ठक्कुर फेरू यांनी 'रयणपरिक्खा' हा प्राकृत ग्रंथ रचला. आपल्या आधीच्या रत्नशास्त्रकारांचे ऋण त्यांनी मान्य केले. पण त्याचबरोबर सुलतानाच्या खजिन्यातील रत्नराशी आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे, हेही सांगितले. त्यांना ग्रंथ अपुरा वाटला नाही, नाहीतर त्यांनी स्वतः तो लिहिला नसता. पण ग्रंथाला डोळ्यांची साक्ष हवी, हे त्यांना ठाऊक होते. ऑनलाइन अभ्यासक्रम हा आजचा ग्रंथ मानला, तर सातशे वर्षांपूर्वीची ही मांडणी अजूनही शिळी झालेली नाही.

पारखीत डोळ्याचे जे स्थान आहे, ते घडणीत हाताचे. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी, त्यातही पैंजणांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कोणत्याही जोडकामाच्या पाटासमोर क्षणभर उभे राहिले तरी उमगते की कारागीर घड्याळ पाहत नाही, तापमान मोजत नाही. तो टाकणखार वितळून काचेसारखा होताना पाहतो, झाळ चमकून सांध्यात धावते तो क्षण पकडतो आणि ज्योत बाजूला घेतो. तो क्षण हुकला की तयार कडीच वितळून बसते. यातले किती शब्दांत सांगता येईल? कारागिरालाच विचारले तर तो बहुधा एवढेच म्हणेल, "बघून कळतं." हे उत्तर टाळाटाळीचे नाही. त्याच्यापाशी जे आहे ते त्याला सांगता येत नाही, कारण ते त्याला कोणी सांगून दिलेलेच नव्हते.

कोरोनाकाळाने या प्रश्नाची मोठीच परीक्षा घेतली. मार्च २०२० मध्ये देशभरातील औद्योगिक प्रशिक्षण संस्था बंद झाल्या. केंद्र सरकारचे 'भारत स्किल्स' हे संकेतस्थळ त्याआधीच सुरू झालेले होते. त्यावरील धडे, चित्रफिती आणि प्रश्नसंच यांच्या आधारे वेल्डर, फिटर, विजतंत्री यांचा पुस्तकी भाग पुढे सरकला. पण या अभ्यासक्रमांत कार्यशाळेचा वाटाच मोठा असतो आणि तो घरी होण्यासारखा नव्हता. घरात वेल्डिंगचे यंत्र कोणाकडे असणार? शिक्षकांनी मनापासून प्रयत्न केले, पण कार्यशाळेचे दार उघडण्याची वाट सर्वांनाच पाहावी लागली.

कायद्यानेही याबाबत भूमिका घेतलेली आहे आणि ती पालकांनी ठाऊक करून घ्यावी. काही अभिमत विद्यापीठांनी पत्रद्वारे अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे काय करायचे ते ठरवले. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना नव्याने परीक्षा देण्यास सांगण्यात आले. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या तर रद्दच झाल्या. नोकरीत स्थिरावलेल्या, संसार थाटलेल्या माणसांच्या हातातील कागद एका दिवसात निरर्थक झाला. दोष विद्यार्थ्यांचा कितपत होता, हा वेगळा प्रश्न. झळ मात्र त्यांनाच लागली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० च्या नियमावलीत अभियांत्रिकी, वैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, वास्तुकला, शेती, हॉटेल व्यवस्थापन यांसारखे अभ्यासक्रम दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली. रत्नपारखीचे लहान खाजगी अभ्यासक्रम या यादीत नाहीत. त्यामुळे तेथे पालकाला राखण करणारे कोणी नाही. राखण त्यानेच करायची आहे.

याचा अर्थ पडद्यावरचे शिक्षण कुचकामी आहे, असा काढणे चूक ठरेल. जे कामच पडद्यावर चालते, ते पडद्यावर उत्तम शिकता येते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा लाल वहीवर आयुष्य घालवलेल्या कित्येक मुनिमांनी आणि दुकानदारांनी विवरणपत्र भरणे चित्रफिती पाहूनच आत्मसात केले. टॅली, ऑनलाइन विक्री, मालाची छायाचित्रे, आयात-निर्यातीची कागदपत्रे या सर्वांत शिकणाऱ्याचे काम शिक्षकाला जसेच्या तसे दिसते. पिटमन यांच्या लघुलेखनासारखेच. तरीही हिशेबाच्या क्षेत्रातील सर्वांत प्रतिष्ठित परीक्षेने अनुभवाची अट सोडलेली नाही. सनदी लेखापाल होऊ इच्छिणारा विद्यार्थी पुस्तकी अभ्यास घरी करतो, पण आर्टिकलशिपशिवाय सनद मिळत नाही. २०२३ च्या नव्या योजनेत तिचा काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला. शून्यावर आला नाही.

शिवाय ऑनलाइन शिक्षणाने जे दार उघडले, ते पेढीने वर्षानुवर्षे बंद ठेवले होते, हेही प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. गादीने शिकवले ते मुलग्यांना. मुली त्याच घरात वाढल्या, रोज हिऱ्यांच्या पुड्या पाहत वाढल्या, पण चिमटा त्यांच्या हाती कोणी दिला नाही. सुनांचे तर विचारूच नये. आज सांगली, लातूर किंवा धुळ्यासारख्या शहरात राहणारी सून दुपारच्या निवांत वेळी रत्नशास्त्राचे धडे पाहते आणि संध्याकाळी पतीला विचारते, "हा खडा उष्णतेची प्रक्रिया केलेला आहे का?" हा बदल लहान नाही. आणि गादीवरच्या ज्ञानालाही मर्यादा आहेतच. प्रयोगशाळेत तयार झालेला हिरा आणि खाणीतला हिरा यांची घडण मुळात एकच. नुसत्या डोळ्याला, आय ग्लासलाही त्यांतला भेद खात्रीने कळत नाही. चाळीस वर्षांचा अनुभव येथे उपयोगी पडत नाही, यंत्रच लागते. बारीक हिऱ्यांच्या पुडीत असे दाणे न सांगता मिसळले गेले आणि ते पुढे ग्राहकाच्या हाती पडले, तर जाते ती पेढीची पत. कोठे संशय घ्यायचा, माल कोणत्या तपासणीला पाठवायचा, ग्राहकाला काय लिहून द्यायचे, हे नव्या पिढीला पडद्यावरून शिकता येते आणि त्यांनी ते वडीलधाऱ्यांना शिकवायला हवे.

तरी एक गोष्ट बहुधा नजरेआड राहते. ज्या घरी पेढी आहे, त्या घरातील मुलाला ऑनलाइन अभ्यासक्रम छान जमतो आणि मग "संपूर्ण ऑनलाइन शिक्षण यशस्वी झाले" असे म्हटले जाते. प्रत्यक्षात ते संपूर्ण ऑनलाइन नव्हतेच. धडा पडद्यावर झाला. माल, चिमटा, दिवा आणि चूक दाखवणारे काका दुकानात होते. तोच अभ्यासक्रम, तेच शुल्क भरून, दुकानात काम करणाऱ्या नोकराच्या मुलाने घेतला तर त्याच्या हाती फक्त प्रमाणपत्र येते. कार्यशाळा कोणीतरी पुरवावीच लागते. प्रश्न फक्त कोण पुरवतो, एवढाच असतो. समाजाच्या छात्रालयांनी आणि शिक्षणनिधींनी शिष्यवृत्ती देताना शुल्काबरोबर या दुसऱ्या अर्ध्या भागाचाही विचार करावा. एखाद्या पेढीवर आठवड्यातून दोन दिवस बसण्याची सोय ही कदाचित शुल्काच्या रकमेपेक्षा मोठी मदत ठरेल.

म्हणून जाहिरात पाहून शुल्क भरण्यापूर्वी संस्थेला विचारायचे ते फार नाही. विद्यार्थ्याच्या हाती प्रत्यक्ष किती खडे येणार, कोठे येणार, त्या वेळी शेजारी कोण असणार आणि शेवटची परीक्षा खऱ्या मालावर होणार की पर्यायांपुढे खूण करून. उत्तर गोलमोल आले, तर तो अभ्यासक्रम वाईट असेलच असे नाही. पण तो पुस्तकाच्या किमतीचा आहे, कार्यशाळेच्या नव्हे.

आणि उरलेले पेढीने करावे. शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला केवळ गल्ल्याशेजारी बसवून शिक्षण होत नाही. तसे बसून कित्येक जण फक्त चहा सांगायला शिकले. कार्तिक शुद्ध पंचमीला बाजार लाभपंचमी म्हणून उघडतो आणि श्वेतांबर परंपरेत त्याच दिवशी ज्ञानपंचमीची आराधना होते. त्या मुहूर्तापासून आठवड्याचा एक तास ठरवून घेता येईल. दाखला असलेले दहा हिरे काढावेत, दाखले तिजोरीत ठेवावेत आणि मुलीने आय ग्लास लावून प्रत्येकाचा रंग व शुद्धता वहीत लिहावी. मग दाखले काढून ताडून पाहावे. चुकलेला हिरा पुन्हा तिच्या हाती द्यावा आणि काय सुटले ते तिलाच शोधू द्यावे. वहीत तारीख घालावी, म्हणजे सहा महिन्यांनी चुका किती कमी झाल्या ते कोणालाही मोजता येईल. एकच सावधगिरी : पुष्कळ हिऱ्यांच्या कडेवर दाखल्याचा क्रमांक लेझरने कोरलेला असतो. तो वाचून तिने मोबाइलवर दाखलाच शोधून काढला, तर त्या दिवशी रागावू नये. इतका बारीक क्रमांक वाचायला डोळा तयार झाला आहे, असे समजून पुढच्या आठवड्यात क्रमांक नसलेले हिरे काढावेत.